मामा, मी क्रिस्टल झालो!

धुळ्याहून भाच्याचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. "मामा, मी क्रिस्टल झालो!" एवढे बोलून तो धापा टाकत थांबला. नववीतला पोरगा, देवपुरात राहतो, या वेळी झोपलेला असायला हवा. क्रिस्टल म्हणजे काय हे कळायला मला दोन मिनिटे लागली. चेस डॉट कॉमवरच्या लीगमध्ये तो सिल्व्हरमधून वरच्या पायरीवर गेला होता. मी शाबासकी दिली आणि पट ओळखणारा कुठलाही मामा विचारेल तेच विचारले, "रेटिंग किती झालं?"

पलीकडे शांतता. मग हळूच, "ते जरा उतरलंय. अकराशे चाळीस होतं, आता एक हजार नव्वद."

ताई बाजूलाच बसलेली असावी. तिने फोन हातात घेतला. "हे काय रे? एकीकडे पास आणि एकीकडे नापास?"

तिचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि हा लेख त्या प्रश्नापायीच लिहितो आहे. खान्देशात आज घरोघरी पोरे मोबाइलवर बुद्धिबळ खेळतात. आईबापांना पडद्यावर आकडे दिसतात, चषक दिसतात, पण कशाचा अर्थ काय ते कोणी सांगत नाही.

आधी लीग. लाकूड, दगड, ब्राँझ, सिल्व्हर, क्रिस्टल, एलिट, चॅम्पियन आणि सगळ्यात वर लेजंड, अशा तिच्या आठ पायऱ्या. आठवड्याच्या सुरुवातीला तुम्हाला आणखी ४९ अनोळखी लोकांबरोबर एका गटात टाकतात. डाव जिंकलात की ट्रॉफी मिळतात, आठवडा संपला की गटात वरचे ठरलेले लोक पुढच्या पायरीवर जातात. यातली मेख अशी की हरल्याने तुमची मिळालेली ट्रॉफी कोणी काढून घेत नाही. म्हणजे जो जास्त वेळ बसेल तो पुढे जाईल. कीर्तनाला जो रोज येतो त्याला पुढची जागा मिळते, त्यातला प्रकार.

भाच्याकडून मी त्या आठवड्याचा हिशेब मागवला. तीन-तीन मिनिटांचे १४० डाव. रोजचे वीस. त्यांतले ६६ जिंकले, ७३ हरले, एक बरोबरीत. लीगने त्याचे ६६ विजय मोजले आणि त्याला वर ढकलले. रेटिंगने ६६ आणि ७३ यांची वजाबाकी केली. सात डावांची तूट, दर डावाला सात-आठ गुण, झाले पन्नासच्या आसपास. दोन्ही हिशेब बरोबर. एकाने हजेरी मोजली, दुसऱ्याने परीक्षा तपासली.

मग हे रेटिंग आले कुठून? अर्पाद एलो नावाचा एक प्राध्यापक होता. जन्म १९०३ चा, हंगेरीतला. लहानपणीच अमेरिकेत गेला आणि पुढे मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवू लागला. स्वतः चांगला खेळाडू, विस्कॉन्सिन राज्याचा आठ वेळा विजेता. त्याने बसवलेली पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने १९६० मध्ये स्वीकारली आणि जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, १९७० मध्ये. आज जगभर 'एलो' म्हणतात ते त्याच्याच आडनावाने. काही जणांना ती इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे वाटतात, तसे काही नाही.

एलोची कल्पना सोपी आहे. दोन खेळाडूंच्या रेटिंगमधल्या फरकावरून कोण किती गुण मिळवेल याचा अंदाज आधीच बांधायचा. फरक शून्य असेल तर अपेक्षा पन्नास टक्के. शंभरचा फरक असेल तर वरच्याला ६४ टक्के, दोनशेचा असेल तर ७६, चारशेचा असेल तर ९१. मग डाव होऊ द्यायचा. अपेक्षेपेक्षा जास्त मिळाले तर रेटिंग वाढते, कमी मिळाले तर घटते. जितका धक्का मोठा, तितका बदल मोठा.

उदाहरण घेऊ. तुमचे १५००, समोरच्याचे १७००. तुमच्याकडून अपेक्षा फक्त ०.२४ गुणांची. तुम्ही जिंकलात, पूर्ण एक गुण मिळाला, अपेक्षेपेक्षा ०.७६ जास्त. फिडेच्या पद्धतीत या फरकाला एका ठरावीक आकड्याने गुणतात. मुरलेल्या खेळाडूला २०, अठराच्या आतल्या मुलांना ४०. म्हणजे मोठ्याला १५ गुण मिळतील आणि तीच कामगिरी करणाऱ्या पोराला ३०. हरलात तर मोठ्याचे पाचही जाणार नाहीत. म्हणून तगड्या खेळाडूशी हरण्याची भीती बाळगणे हा रेटिंगच्या हिशेबानेही तोट्याचा धंदा आहे. आपल्यापेक्षा कच्चे गडी शोधून त्यांना हरवत बसणारे मात्र प्रत्येक गावात असतात. त्यांना दर विजयाला चिल्लर मिळते आणि एका चुकीला नोट जाते.

ऑनलाइन संकेतस्थळांनी एलोच्या पुढची आवृत्ती घेतली. मार्क ग्लिकमन या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने ती १९९५ मध्ये मांडली. तिचे नाव ग्लिको. त्याने रेटिंगला एक जोडीदार दिला. रेटिंग किती, आणि त्या आकड्याबद्दल आपली खात्री किती. हे समजायला केळीच्या बागेत जावे. रावेर-यावलकडचा अनुभवी व्यापारी घड पाहून वजन सांगतो. नेहमीच्या बागेत तो अर्ध्या किलोच्या फरकाने बोलतो आणि सहसा चुकत नाही. नव्या बागेत गेला की आकडा सांगतो खरा, पण मनात दोन-चार किलोंची सवड ठेवतो, आणि पहिले दोन-तीन घड काट्यावर चढले की आपला अंदाज झटकन बदलतो. ग्लिको हेच करते. नवा खेळाडू आला की तिची खात्री कमी असते, म्हणून पहिल्या काही डावांत आकडा शंभरावारी उड्या मारतो. शेकडो डाव झाले की उड्या लहान होतात. तुम्ही सहा महिने खेळलाच नाहीत तर खात्री परत कमी होते. लिचेस या मोफत संकेतस्थळावर सगळ्यांना १५०० वर सुरुवात मिळते आणि अंदाज पक्का होईपर्यंत आकड्यापुढे प्रश्नचिन्ह असते. ते प्रश्नचिन्ह प्रामाणिक आहे. माझे मत विचाराल तर ते प्रत्येकाच्या रेटिंगपुढे कायमचे छापावे.

एलोचेही मत फार वेगळे नव्हते. माणसाची ताकद मोजणे म्हणजे पाण्यावर हेलकावणाऱ्या बुचाची जागा वाऱ्याने हलणाऱ्या दोरीला बांधलेल्या पट्टीने मोजण्यासारखे आहे, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. ज्याच्या नावाने जग आकडे मिरवते, त्यानेच.

आणि आकडा किती मानीव असतो याचा दाखला फार जुना नाही. १ मार्च २०२४ रोजी फिडेने २००० च्या खालच्या सगळ्या मानांकित खेळाडूंचे रेटिंग एका सूत्राने वाढवले. २००० मधून तुमचे रेटिंग वजा करा, उरलेल्याचे चाळीस टक्के मिळवा. आदल्या दिवशी १२०० असलेला खेळाडू सकाळी १५२० झाला. हजारवाला चौदाशेवर गेला आणि किमान रेटिंगच १४०० ठरले. एका रात्रीत तीनशे-चारशे गुण, एकही प्यादे न हलवता. खालच्या थरातले आकडे आक्रसत चालले होते, विशेषतः झपाट्याने सुधारणाऱ्या मुलांमुळे, म्हणून हा इलाज. इलाज योग्यच होता. पण त्यानंतर "माझ्या मुलाचं पंधराशे आहे" हे वाक्य ऐकले की मी आधी विचारतो, कुठले पंधराशे? चेस डॉट कॉमचे, लिचेसचे की फिडेचे? तिन्ही वेगवेगळे तलाव आहेत आणि प्रत्येकाची पाणीपातळी वेगळी.

भाच्याने हिशेब पाठवला त्यात मला एक गोष्ट खटकली. गुरुवारी तो सलग नऊ डाव हरला होता. "तेव्हा काय झालं होतं?" "मामा, दोन हरलो, मग राग आला, मग वसूल करायला बसलो." जुगाराच्या फडावर हेच घडते. याला गणिताची बाजू आहे, ती पोरांना सांगितली पाहिजे. संकेतस्थळ तुम्हाला तुमच्याच तोलामोलाचा प्रतिस्पर्धी देते. म्हणजे प्रत्येक डाव जवळपास छापाकाटा. शंभर वेळा नाणे उडवा, कधीतरी सलग पाच वेळा काटा पडण्याची शक्यता ऐंशी टक्क्यांच्या आसपास असते. शंभर डाव खेळणाऱ्याच्या वाट्याला पाच पराभवांची रांग येणारच असे समजून चालावे. त्या पाच डावांत चाळीसेक गुण जातात आणि ते परत येतात. सहाव्या-सातव्या डावात रागाने जे जातात ते मात्र गणिताच्या खात्यावर टाकता येत नाहीत. आता आमचा करार आहे, सलग तीन हरले की फोन ताईकडे. ताईला करार फारच आवडला.

मग आम्ही दोघांनी मिळून त्याचे हरलेले बारा डाव पाहिले. व्हिडिओ कॉलवर, माझ्यासमोर लाकडी पट, त्याच्यासमोर पडदा. बारापैकी तीन डाव अक्षरशः एकच होते. दोघांनी राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवले, घोडे काढले, पांढऱ्याने उंट सी-४ वर आणला, काळ्याने दुसरा घोडा काढला, आणि पांढऱ्याचा घोडा जी-५ वर येऊन बसला. नेम एफ-७ च्या प्याद्यावर. त्या प्याद्याला फक्त राजाचा आधार असतो, पटावरची सगळ्यात कच्ची भिंत तीच. भाच्याने डी-५ ला प्यादे पुढे केले, इथवर ठीक. पांढऱ्याने ते मारले. भाच्याने घोड्याने परत मारले, आणि घात झाला. पांढरा घोडा एफ-७ वर झेपावतो, एकदम वजीर आणि हत्तीवर चाल करतो. राजाने त्याला मारले की पांढरा वजीर एफ-३ वरून शह देतो आणि काळ्या राजाला उघड्यावर यावे लागते. याला 'तळलेले काळीज' अशा अर्थाच्या इंग्रजी नावाने ओळखतात. उपाय सोपा आहे. घोड्याने परत मारायचे नाही. सी-६ वरचा घोडा ए-५ वर नेऊन त्या उंटालाच डिवचायचे. एका खेळीचा फरक.

ही एक खेळी पाठ झाल्याने आठवड्याला तीन डाव वाचले, म्हणजे वीस-पंचवीस गुण. उरलेल्या नऊ डावांत काय होते? फुकट दिलेले मोहरे. एकदा हत्ती, दोनदा उंट, एकदा चक्क वजीर. बाराशेच्या खाली असणाऱ्यांनी ओपनिंगची जाडजूड पुस्तके उघडू नयेत, असे माझे ठाम मत आहे. समोरच्याने खेळी केली की एकच प्रश्न: त्याने आता कशावर चाल केली? मग हात हलवण्याआधी दुसरा: मी हे हलवले तर काय उघडे पडते? एवढे करायला तीन मिनिटांचा डाव पुरत नाही. म्हणून चढायचे तर दहा मिनिटांचे किंवा त्याहून मोठे डाव खेळावेत, आणि शक्यतो दर खेळीला काही सेकंद वाढवून मिळणारे. लिचेसवर डाव संपल्यावर एक बटण दाबले की संगणक चुका दाखवतो, फुकट. पण आधी स्वतः शोधावे, मग बटण दाबावे. उत्तरपत्रिका आधी पाहून गणित सुटत नाही.

लिचेसच्या अरीना स्पर्धांत आणखी वेगळा खेळ असतो. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. लागोपाठ दोन जिंकलात की पुढच्या विजयाला दुप्पट. सुरुवातीलाच आपला वेळ निम्मा करून घेतला आणि तरी जिंकलात तर एक गुण जास्तीचा. मजा येते, हात साफ होतो. गंभीर अभ्यासाशी त्याचा फारसा संबंध नाही. शेव-भाजी रोज खाल्ली तर काय होईल ते खान्देशी माणसाला सांगायला नको.

आता आपल्या भागाची गोष्ट. जळगाव ते धुळे नव्वद-एक किलोमीटर, एरंडोल-पारोळ्यावरून. एवढ्या पट्ट्यात खेळणारी मुले भरपूर, पण फिडे रेटिंग मिळवायचे तर मानांकित स्पर्धा लागते आणि तिथे पाच मानांकित खेळाडूंशी डाव व्हावे लागतात. त्यासाठी पुणे, मुंबई, नाशिक गाठा. प्रवास, लॉज, प्रवेश फी, आणि सोबत एका पालकाची रजा. म्हणून आमच्याकडच्या पोरांसाठी ऑनलाइन पट हा खरोखर मोठा आधार आहे. धुळ्यातला मुलगा रात्री जेवून बसतो आणि त्याच्यासमोर अर्जेंटिनाचा कोणी असतो. माझ्या लहानपणी समोर कायम गल्लीतले तेच तीन लोक असायचे, आणि त्यांतले एक काका हरायला लागले की पट उधळायचे.

पण पट घरबसल्या मिळाला म्हणून स्पर्धा सोडू नये, आणि जळगावकरांना तर प्रवासाची सबब देताच येत नाही. शिरसोली रस्त्यावरच्या जैन हिल्सवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये ११ वर्षांखालील मुलामुलींची राष्ट्रीय स्पर्धा भरली होती. देशभरातली पोरे, त्यांच्या आया, पाण्याच्या बाटल्या, डबे. मोठ्या पटावर चार तास बसणे हे वेगळेच काम आहे. तिथे खेळी मागे घेता येत नाही, शिवलेला मोहरा हलवावाच लागतो, आणि हरल्यावर समोरच्याशी हात मिळवावा लागतो. मोबाइलवर हरणारा फक्त 'नवा डाव' दाबतो.

ऑनलाइन खेळाला एक आपली वेगळी अडचण आहे, ती म्हणजे वीज आणि नेट. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि नेमका डाव जिंकत आल्यावर दिवे जातात. राउटर बंद, घड्याळ चालूच. भाचा दोनदा असा हरला, एकदा तर एका खेळीत मात होती. त्याची समजूत काढायला मी त्याला २०२० ची गोष्ट सांगितली. कोरोनामुळे फिडेने त्या वर्षी ऑलिम्पियाड ऑनलाइन घेतले, दीडशेहून जास्त देश. भारताचा कर्णधार आपल्या नाशिकचा विदित गुजराथी. संघात नागपूरची दिव्या देशमुख, तेव्हा चौदा वर्षांची. ३० ऑगस्टला रशियाशी अंतिम सामना. पहिली फेरी ३-३. दुसऱ्या फेरीत ऐन डावात निहाल सरिन आणि दिव्या यांचा संपर्क तुटला आणि दोघांचाही वेळ संपला. त्या दिवशी जगभरातच इंटरनेटचा मोठा घोळ झाला होता. भारताने दाद मागितली आणि फिडेने दोन्ही देशांना संयुक्त विजेते घोषित केले. जागतिक अंतिम सामन्यातही नेट जाते म्हटल्यावर देवपुरातल्या पोराला जरा बरे वाटले. तीच दिव्या २०२५ च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक जिंकली आणि थेट ग्रँडमास्टर झाली. अंतिम फेरीत समोर होती कोनेरू हंपी.

दाद मागण्याची सोय आपल्याला नाही. आपण मोबाइलचा डेटा चालू ठेवायचा आणि हातात वेळ राखून खेळायचे.

एक अप्रिय विषय राहिला. स्टॉकफिशसारखे बुद्धिबळाचे इंजिन आज फोनवर फुकट मिळते आणि ते विश्वविजेत्यालाही सहज हरवेल. साहजिकच काही जण शेजारी दुसरा फोन ठेवून खेळतात. २०२१ च्या जूनमध्ये विश्वनाथन आनंदबरोबरच्या एका धर्मादाय सामन्यात झिरोधा या शेअर दलाली कंपनीचे निखिल कामत जिंकले, आणि लगेच त्यांनीच संगणकाची मदत घेतल्याचे जाहीर करून माफी मागितली. संकेतस्थळे असे लोक शोधतात. खेळी इंजिनाशी किती जुळतात, सोप्या आणि अवघड खेळीला सारखाच वेळ लागतो का, यावरून ते उघडे पडतात. खाते बंद झाले की त्याच्याशी हरलेल्यांचे गुण परत दिले जातात. एके सकाळी तुमच्या रेटिंगमध्ये न खेळता आठ-दहा गुण वाढलेले दिसले तर त्याचा अर्थ हा. मुलांना मात्र एक सांगून ठेवावे. प्रत्येक हरलेल्या डावानंतर "तो चीटिंग करत होता" म्हणण्याची सवय लागली की शिकणे तिथेच थांबते. दहापैकी नऊ वेळा समोरचा फक्त बरा खेळलेला असतो.

परवा भाचा जळगावला आला होता. आता तो रोज दोनच डाव खेळतो, पंधरा मिनिटांचे, दर खेळीला दहा सेकंद वाढीव. मेहरूण तलावाच्या काठी बाकावर बसून त्याने मला तीन डाव खेळायला लावले, त्यांतला एक जिंकला. जी-५ वर घोडा आणून पाहिला, त्याने न बघता ए-५ वर घोडा नेला. लीगच्या यादीत या आठवड्यात तो कुठेतरी खाली आहे. रेटिंग ११७२.